सेंट सांडलं त्या साली

ताई,

तुमच्या तेरवीला घरात इतक्या उदबत्त्या लावल्या होत्या की तुम्ही असतात तर नाकाला पदर लावून मागच्या दाराने शेताकडे निघून गेला असतात. झेंडूचे हार होते, निशिगंध होता, कोणीतरी यवतमाळहून मोगराही आणला होता. नाव कुसुम आणि जन्मभर फुलांच्या वासाचा कंटाळा. तुमच्या फोटोला हार घालताना मला हसू फुटलं. ते लपवायला मी तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या बाईने पाठीवरून हात फिरवला. "रडून घ्या वो, मोकळं वाटते," म्हणाली. मग मी खरंच रडले, आणि मोकळंही वाटलं.

पंगती उठल्यावर तुमच्या सुनेने, रेखाने, तुमचं कपाट उघडलं. हे लुगडं आत्याला, ही शाल मावशीला, असं चाललं होतं. माझी पाळी आली तेव्हा तिने माझ्या हातात सेंटची बाटली ठेवली. तीच, गुलाबी, सफरचंदासारख्या गोल झाकणाची. "काकू, दिवाळीले तुमीच आनली होती ना? अर्धी उरली हाय. आमच्यातल्या कोनी लावली तं आईच घरात आल्यासारखं वाटते, मंग काम सुचत नाई." मी बाटली रुमालात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि राळेगावहून संध्याकाळची एसटी धरून यवतमाळला आले.

आता ती बाटली समोर टेबलावर आहे आणि मी तुम्हाला लिहितेय. तुमच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलं आणि एक कबुली सगळीच राहिली. भांडण जुनं आहे, गमतीचं आहे, त्याच्याकडे येतेच. कबुली अशी, की त्या साली कापसाच्या गंजीत तुमची बाटली सांडली ती मी. तुमचं झाकण ढिलं राहिलं नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायला मला वीसहून जास्त वर्षं मिळाली, आणि ती सगळी मी निमित्तं शोधण्यात घालवली. चूक कबूल करायची म्हटली की मला मुहूर्त लागतो, हे तुम्हाला ठाऊकच होतं.

भांडण सुरू झालं माझ्या गृहप्रवेशाच्या दिवशी. मी यवतमाळात वाढलेली, वडील सरकारी कचेरीत, घरात कपड्यांच्या घडीत वाळ्याच्या काड्या. चांगला वास म्हणजे जो दुसऱ्याला कळू नये तो, असे आमच्याकडचे संस्कार. माप ओलांडून आत आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून तुम्ही माझा पदर सारखा करायला वाकलात आणि मला भक्कन कस्टर्डचा वास आला. दुधातलं, गोड, वर फळांच्या फोडी टाकलेलं कस्टर्ड. मी मनात म्हटलं, वा, खेड्यात असून जेवणाचा बेत मोठा शहरी दिसतो. पंगतीत वरण-भात आला, वडे आले, आलूवांग्याची भाजी आली, बुंदी आली. मी शेवटपर्यंत कस्टर्डची वाट पाहिली. ताटावरून उठतच नाही म्हणून सासूबाईंनी, आत्याबाईंनी, विचारलं, "अजून काही पाहिजे काय, सूनबाई?"

चौथ्या दिवशी हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चुलीपुढे बसून इतक्या हसलात की भाकर करपली.

"कस्टर्ड काय असते वो? हे सीताफळ होय," तुम्ही म्हणालात. "झाडावरच पिकून फुटलेलं. घे, पाह्य बरं वास."

मनगट माझ्या नाकाशी धरलंत. मी म्हटलं, कस्टर्ड. तुम्ही म्हणालात, सीताफळ. तेव्हापासून हे चालूच राहिलं. बाटलीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी एकदा वाचून दाखवलं, फळं आणि व्हॅनिला. म्हटलं, पाहा, व्हॅनिला म्हणजे आइस्क्रीममध्ये आणि कस्टर्डमध्ये घालतात तेच. तुम्ही जराही हलला नाहीत. "लिहिनाऱ्यानं सीताफळ खाल्लं नसन," म्हणालात. आता वाद घालायला दुसरं कोणी नाही. आमच्याकडे सेंटमधलं कोणाला काही कळत नाही, आणि कळतं त्यांना तुमच्यासारखं भांडता येत नाही.

पण त्या वासाबद्दल तुम्ही जे बोलायचात ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, आणि माझा जन्म पुस्तकांच्या कपाटांत गेला आहे. पहिली वेचणी सुरू व्हायच्या दिवशी आपल्याकडे शेतात सीतादही करतात. कपाशीच्या झाडाला हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग कमरेला ओटी बांधून पहिली बोंडं वेचायची. त्या वर्षीच्या सीतादहीला तुम्ही नैवेद्य झाल्यावर कमरेची बाटली काढलीत आणि वेचायला आलेल्या पाचही जणींच्या गळ्याला एकेक थेंब लावलात. मी लांब उभी. मला तो प्रकार जरा भडकच वाटला.

"लावून घे, नंदा. कायले लाजतं?"

"मला नको. माणूस येण्याआधी वास येतो हा."

"मंग काय वाईट? पाहुनेबी निरोप धाडूनच येतेत."

बाया हसल्या. तुम्ही वेचता वेचता बोलत होतात, हात एका बोंडावरून दुसऱ्यावर जात होते. "पाह्य, फुलाचा वास देवाचा. फिनाईलचा वास दवाखान्याचा. फवारनीचा वास नवऱ्याचा, तो तं आंघोळ केली तरी जात नाई. मंग बाईच्या वाट्याले काय राह्यलं? शेन आन् फोडनी? मले खायच्या वासाचं पाहिजे. गोड. जवळ येनाऱ्याले भूक लागली पाहिजे!"

त्यावर पाचही जणींनी जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला आठवत असेल.

त्या दिवशी दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकर खाताना तुम्ही मला तो वास कसा बदलतो ते शिकवलंत. लावला तेव्हा पेरू आणि अननस, नाकात जरा टोचणारा. उन्हात घाम आला की आंबा. आणि कामावरून परतताना, सगळं उडून गेल्यावर, खाली एक दूध राहतं, साखर घालून तापवलेलं. तेच तुम्हाला सगळ्यांत आवडायचं. मी विचारलं, तेच का? तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवलात. मग सांगितलंत, की पहिला मुलगा झाला तेव्हा यवतमाळच्या दवाखान्यात भाऊजींनी तुमच्यासाठी आइस्क्रीमचा कप आणला होता. लाकडी चमच्याचा. "पोरासाठी झबले आनले, सासूसाठी औषध आनलं, आन् एक कप फक्त माह्यासाठी. मी तो दोन घंटे खाल्ला. पानी झालतं त्याचं. फक्त माह्यासाठी काही येनं, त्याचा वास असा असते."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की ताई, आइस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, म्हणजे मी जिंकले. म्हटलं नाही. एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

आता त्या सालाबद्दल. कापसाचे दिवस वाईट होते. बोंडअळीने अर्धं पीक नेलं होतं, उरलेल्याला भाव नव्हता, खरेदी केंद्र आज उघडतं, उद्या उघडतं असं चाललं होतं. सासरे म्हणून घरात शेवटचा शब्द मामाजींचा; त्यांनी ठरवलं, व्यापाऱ्याला फुकट देण्यापेक्षा कापूस घरात राहील. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी लागली. मामाजी ओसरीवर, आपण सगळे स्वयंपाकघरात, आणि लहानथोर सगळे अंग खाजवत. पाहुणा आला की त्याला बसायला आपण कापूसच दाखवायचो. मामाजी त्या दिवसांत कमी बोलायचे, आणि बोलायचे ते ऐकून वाटायचं की कमी बोलतात तेच बरं.

त्यातच मी त्यांना विचारून ठेवलं होतं. यवतमाळला ग्रंथपालाचा कोर्स होता, आठवड्यातले तीन दिवस जावं लागलं असतं. घरात पैशाची अशी ओढ, लग्नाला जेमतेम वर्ष, आणि शहरातली सून पुन्हा शहरातच जायचं म्हणते. मामाजी हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. आमच्या ह्यांच्यात पुन्हा विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही माझ्या वतीने दोनदा आठवण केली होती. मला तो कोर्स हवा होता, ताई. तो मिळाला नसता तर मी त्या खोलीत कापसाबरोबर कुजले असते असं मला तेव्हा वाटायचं. तरुणपणी माणूस असंच बोलतं, पण वाटायचं ते खरं होतं.

तुमची बाटली गंजीच्या मागे भिंतीतल्या देवळीत असायची, मामाजींची नजर जाणार नाही अशी. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी गंजीवर चढून ती काढली. तुम्हाला वाटेल, भांडण जिंकायला, नीट हुंगून कस्टर्ड सिद्ध करायला. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण खरं सांगते, मला तो वास आवडायला लागला होता. चारचौघांत नाक मुरडायची आणि तुम्ही शेजारून गेलात की हळूच श्वास ओढून घ्यायची, असं माझं महिनाभर चाललं होतं. मला फक्त एक थेंब लावून बघायचा होता, कोणी न बघता.

झाकण काढलं आणि बाहेरून मामाजींचा आवाज आला, "सुनंदा! कुठी हाय? तुह्या कोर्साचं बोलाचं हाय."

बाटली हातातून सुटली ती गंजीत पालथीच पडली. कापूसच तो, गट्ट करून पिऊन गेला. मी चाचपडत बाटली शोधली, होतं नव्हतं ते माझ्या हातावर आलं, झाकण लावून ती देवळीत ठेवली, साबणाने हात धुतले आणि डोक्यावर पदर घेऊन ओसरीवर गेले. मामाजी म्हणाले, "कापूस जाऊ दे केंद्रावर. मंग सांगतो."

दिवेलागणीपर्यंत घराची मिठाई झाली होती. आत्याबाई शेजारच्यांकडून परत आल्या तर त्यांना वाटलं, मुलांनी दूध उतू घालवलं. मामाजी गंजीजवळ गेले, एक मूठ कापूस नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कापसाने बैलबंडी भरायची होती.

"कोनं केलं हे?"

मी ताटं घेऊन उभी होते. तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही पुढे झालात. "मी, मामाजी. माहीच बाटली. झाकन ढिलं राह्यलं असन."

"वर्साचा माल हाय हा! केंद्रावर फेकून देतीन तो! आजपासून हे सेंटाचं नाटक या घरात दिसाले नाई पाहिजे."

"बरं," तुम्ही म्हणालात.

मी ताटं वाढली. मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतंय, की झाकण तुमच्याकडून ढिलं राहिलं. मी तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं, याचा मी हजारदा विचार केला आहे. कोर्स गेला असता, एवढं नक्की.

आणि त्यानंतरचे तीन दिवस मी तुमच्यावर रागावलेली होते, हे तुम्हाला माहीत होतं का? म्हणजे गुन्हा माझा, बोलणी तुम्हाला आणि राग मला. पण कारण होतं. त्या रात्री तुम्ही वाटीत बेसन आणि लिंबाची फोड आणून दिलीत. "हात धू याच्यानं. कापसाची खाज जाते." इथवर ठीक. दुसऱ्या दिवसापासून मात्र तुम्ही मला पिठाला हात लावू दिला नाहीत. मामाजी आणि भाऊजी बंडी घेऊन केंद्रावर रांगेत, त्यांच्या भाकरी रोज बांधून जायच्या. मी परात ओढली की तुम्ही काढून घ्यायचात. "भाकरी मी करतो. तू भांडे घास." घासलेली भांडी पुन्हा घासायला दिलीत. राखेने. तांब्या, हंडे, वर्षभर फळीवर पडलेल्या पराती, सगळं. तीन दिवस माझे कोपरापर्यंत हात राखेत. मला वाटलं, सासऱ्यांचा राग जावेवर काढतात. माझ्या आईला मी तसं सांगितलंसुद्धा. "चुलीपासून हाकललं मला," असे माझे शब्द होते. आईने तुमच्याबद्दल जो एक आकस धरला तो त्यातून आला, आणि तो मी कधी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आपला नंबर येणार म्हणून भाकरी घेऊन तुम्ही स्वतःच केंद्रावर गेलात. बाईमाणूस तिथे जात नव्हतं. पुढचं भाऊजींनी इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने बंडीत हात घातला, कापूस हुंगला, पुन्हा हुंगला. कोणतं औषध मारलं म्हणाला. रांगेतली माणसं गोळा झाली. जो तो मूठभर कापूस नाकाला लावतोय. एक म्हातारा म्हणाला, "मारलं तं काही असो, ग्रेडरसाहेब, जिलबी खाल्ल्यासारखं वाटून राह्यलं." मामाजी मान खाली घालून उभे. तेव्हा तुम्ही डोक्यावरचा पदर सावरत पुढे झालात.

"औषध नाई, साहेब. सेंट हाय. बायाइचं. तुमच्या घरी लावत नाईत काय?"

ग्रेडर लाजला म्हणे. त्याने आणखी चार ठिकाणी हात घातला, ओल नाही, कचरा नाही, धागा चांगला. बाजूच्या बंडीला जो भाव लागला तोच आपल्याला लागला. परतताना चावडीपाशी बंडी थांबवून मामाजींनी मुलांना गोळ्या घेतल्या.

संध्याकाळी त्यांनी निकाल सांगितला. "मोठी नखऱ्याची हाय. लहानी सरळ हाय. जाऊ द्या तिले शिकाले."

हे वाक्य, ताई. त्यावर माझा कोर्स झाला, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी झाली, आम्ही दोघं यवतमाळला आलो, पोरांची शिक्षणं झाली. लहानी सरळ हाय. तुम्ही तेव्हा चुलीपुढे होतात. मागे वळून माझ्याकडे बघून हसलात, आणि मी तुमच्याकडे बघितलं नाही.

तुम्ही मात्र हरणाऱ्यांतल्या नव्हतात. बंडी भरायच्या आधी तुम्ही गंजीतला सगळ्यात वासाचा कापूस टोपलीभर बाजूला काढून ठेवला होता. दुपारी बसून त्यातली सरकी हाताने काढलीत आणि वाती वळल्यात. देवाजवळचा डबा त्या वातींनी भरला. पुढचे चार महिने मामाजी रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्या वाती निरांजनात लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. एकदा पूजा थांबवून त्यांनी आत आवाज दिला, "काय शिजवून राह्यल्या वो?" तुम्ही म्हणालात, "काही नाई, मामाजी, चहा." मी भिंतीकडे तोंड करून पोट धरून हसत होते.

घरात आणायचं नाही म्हणाले, म्हणून तुम्ही नवी बाटली शेतातल्या झोपडीत ठेवलीत, तुरीच्या बियाण्याच्या डब्यात. शब्द मोडला नाहीत. सकाळी शेतात गेलं की सुवासिक, संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुऊन घरी. पुढच्या हंगामात कोणी एक वार्ताहर कापसाच्या हालाखीवर लिहायला आला होता. रविवार म्हणून मी घरी होते, तुमच्याबरोबर शेतातच. तुम्ही त्याला सगळं नीट सांगितलंत, बियाणं, अळी, भाव, रांग. तो लिहीत होता, मध्येच थांबून हवेत वास घेत होता. शेवटी राहवलं नाही त्याला. "ताई, हे परवडतं का तुम्हाला अशा दिवसांत?"

तुम्ही ओटीतला कापूस त्याच्या पुढ्यात रिकामा केलात. "कापूस पडला म्हनून नाकबी काढून ठेवाचं काय, भाऊ? या रानात माह्या मनासारखं एवढंच हाय. बाकी सारं सरकारच्या आन् अळीच्या मनासारखं चालू हाय. लिहा हे." त्याने लिहिलं की नाही माहीत नाही. मी मात्र त्या दिवसापासून सेंटला पुन्हा भडक म्हटलं नाही. कस्टर्ड म्हणायचं सोडलं नाही, तो मुद्दा वेगळा.

पहिल्या पगाराला मी तुमच्यासाठी तीच बाटली घेतली. मग दर दिवाळीला. कटलरीवाल्याला पाठ झालं होतं. तुम्ही दर वर्षी विचारायचात, "कायले आनतं वो दरसाली? तुले तं हे आवडत नाई." आणि मी दर वर्षी सांगायची, "स्वस्त लावलं होतं दुकानात." वीस वर्षं एकच माल स्वस्त लावणारं दुकान यवतमाळात नाही, ताई. मी सांडलेलं भरून देत होते. एका बाटलीऐवजी वीस दिल्या आणि एक वाक्य द्यायचं राहिलं.

बंदी कशी उठली ते मात्र मजेदार. मामाजींची नजर गेली, शेवटची वर्षं ओसरीवरच असायचे. एकदा मी आले असताना तुम्ही शेतातून आलात आणि ते म्हणाले, "कुसुम, बाटली संपली काय वो? आज समजलंच नाई तू आलेली." तुम्ही दुसऱ्या दिवशी झोपडीतला डबा घरी आणलात. गाजावाजा नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता तुरीचं बियानं कुठी ठेवाचं?"

मागच्या दिवाळीला अंगणात बसलो होतो आपण. सीताफळं फोडत होतो, बिया ताटलीत टाकत. तुम्ही अचानक विचारलंत, "नंदा, तुले तो कापूस आठवते काय?" माझ्या घशात बी अडकायची बाकी होती. मी म्हटलं, "कोणता कापूस? ताई, हे फळ बघा, किती रवाळ आहे." तुम्ही बघितलंत, म्हणालात, "हो ना, रवाळ हाय," आणि मला आणखी एक फोडून दिलंत. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं आणि मी ते बाहेरून लावून घेतलं. पुढच्या दिवाळीला बोलू, असं मी एसटीत ठरवलं.

आता काल संध्याकाळचं सांगते.

मी घरी आले, पिशवी उघडली, रुमाल ओला. या वेळी खरंच झाकण ढिलं होतं. रेखाचं की माझं, देव जाणे. सगळे हात भरले. साबणाने धुतले, पुन्हा धुतले. घरभर तोच वास, मला वाटलं हाताचा गेला. भाकरी टाकल्या. हे पहिला घास घेऊन थांबले. तुमचे दीर जेवताना कधी बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.

"वहिनीच्या सेंटाचा वास येऊन राह्यला भाकरीले," म्हणाले.

मी त्यांच्या हातातली भाकर घेऊन हुंगली. खरंच होता. पिठात माझी पाची बोटं उमटलेली कळत होती. भाजून, शेकून, तव्यावरून उतरूनही तो वास तसाच होता, दूध आणि साखर.

मी तशीच खाली बसले, ताई. ह्यांना वाटलं तुमच्या आठवणीने. आठवणीनेच, पण वेगळ्या. ज्या बाईला पेरू कधी जातो आणि आंबा कधी येतो ते सांगता यायचं, तिला त्या रात्री ताट वाढणाऱ्या माझ्या हातांचा वास आला नसेल? तुम्हाला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मामाजींना उत्तर दिलंत तेव्हाच माहीत होतं. कापसाची खाज कुठली, बेसन त्या वासासाठी होतं. राख त्यासाठीच होती. आणि माझ्या हातची भाकर केंद्रावर मामाजींच्या फडक्यात गेली असती, तर तिथे, घराच्या वासापासून लांब, त्यांनी पहिल्या घासाला ओळखलं असतं सरळ कोण आणि नखऱ्याची कोण. म्हणून तीन दिवस परात तुमच्याकडे. मी त्याला चुलीपासून हाकलणं म्हटलं.

आणि मी दर दिवाळीला बाटली आणत होते, तुम्ही दर दिवाळीला "कायले आनतं?" विचारत होतात. उत्तर माहीत असून विचारत होतात. मी सांगावं म्हणून.

तर सांगते. मी सांडली, ताई. मला तो वास आवडत होता म्हणून सांडली. तुम्ही लपवलंत म्हणून मी शिकले. आणि काल भाकरीला जो वास होता तो मी नीट, डोळे मिटून घेतला. कस्टर्ड नाही. झाडावरच फुटलेलं सीताफळ आहे.

आईला आज सकाळीच फोन करून सांगितलं. वय झालंय तिचं, ऐकू कमी येतं, तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कळलं तेव्हा म्हणाली, "अगं बाई, मग मी त्यांना इतकी वर्षं साधा चहासुद्धा मनापासून नाही विचारला." ते ओझं आता माझ्यावर.

आज पुन्हा भाकरी करायच्या आहेत. हातांना अजून वास आहे. मघाशी मी सवयीने डब्यातून वाटीभर बेसन काढलं, वर लिंबू कापलं. मग लिंबू वरणात पिळलं, बेसन डब्यात परत टाकलं आणि तशाच हातांनी परात पुढे ओढली.

तुमची,
नंदा